पाच ग्रॅमचा गोंधळ

मी एक चमचा बोलतोय. जेवणाच्या टेबलावरचा नव्हे, व्यायाम करणारे ताकदीसाठी घेतात त्या क्रिएटिन पावडरच्या डब्यातला. प्लॅस्टिकचा, आखूड दांड्याचा, काठोकाठ भरला की पाच ग्रॅम. स्वतःबद्दल एवढंच मला खात्रीने सांगता येतं. आजवर मी मापून दिलं ते चांगलं की वाईट, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

कारखान्यात साच्यातून बाहेर पडलो, तेव्हा माझ्यासारखे शेकडो जण एका टोपलीत होते. मग एकेकाला डब्यात टाकून वर पावडर भरली. त्यामुळे मला विकत घेणाऱ्या ताईंनी डबा पहिल्यांदा उघडला तेव्हा मी पार तळाशी होतो. "चमचा द्यायला विसरले वाटतं," असं पुटपुटत त्यांनी मनगटापर्यंत हात घातला आणि मला वर काढलं. हात पांढरा झालेला बघून त्यांची लेक हसत सुटली.

ताई बेकरीत काम करतात. वय एक्कावन्न. मैद्याची पोती उचलायची, पीठ मळायचं, भट्टीतून ट्रे ओढायचे. हल्ली दंड भरून यायचे. व्यायामाच्या वर्गातल्या बाईंनी पावडर सुचवली आणि ताई रोज सकाळी मला पाण्याच्या पेल्यात उलटा करू लागल्या. दोन महिन्यांनी पोतं एका दमात ओट्यावर जाऊ लागलं. ते माझ्यामुळे, की व्यायामामुळे, की नुसत्या विश्वासामुळे, मला काय कळणार? पण मी मनात फुशारलो होतो, हे खोटं कशाला बोलू?

ताईंना एक धाकटा भाऊ आहे. लेक त्याला मामा म्हणते, म्हणून मीही मामाच म्हणतो. मामा घड्याळं दुरुस्त करतो. रक्तदाबाने त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. तेव्हा ताईंनी कुणाला न विचारता ठरवलं, आपलं एक त्याला द्यायचं.

तपासण्या झाल्या. सगळं जुळलं, पण ताईंच्या रक्तातलं क्रिएटिनिन, ज्यावरून मूत्रपिंडाचं काम जोखतात ते, मर्यादेच्या वर आलं. डॉक्टरांनी सगळं थांबवलं.

त्या संध्याकाळी मामा आणि मामी घरी आले. ओट्यावर मी होतो, डब्यासकट. मामीने डब्यावरचं नाव वाचलं आणि ती तशीच खुर्चीत बसली.

"ताई, तुम्ही हे घेता? यांच्या प्रत्येक रिपोर्टमध्ये हेच नाव असतं. तेच वाढतं म्हणून तर सुया टोचून घेतात हे."

"मामी, ते क्रिएटिनिन. हे क्रिएटिन," लेक म्हणाली. "याचंच शरीरात पुढे क्रिएटिनिन होतं आणि लघवीवाटे निघून जातं."

"म्हणजे तेच की."

मला मामीचं पटलं. लगेच लेकीचंही पटलं. मी चमचा, माझं असंच होतं.

लेक ग्रंथालयात काम करते. दुसऱ्या दिवशी मामा-मामी पुन्हा आले, तेव्हा तिने कागदांचा गठ्ठा आणला होता. निरोगी माणसांनी ठरलेल्या मापात घेतली, तर मूत्रपिंडाला इजा झाल्याचं दिसत नाही, असं तिने वाचून दाखवलं. मामीने फोनवर आलेला निरोप पुढे केला. कुणा तरुणाची मूत्रपिंडं अशाच पावडरने गेली म्हणे.

"तो किती खात होता, त्याला आधी काय आजार होता, यात काहीच नाही," लेक म्हणाली.

"नसेल. पण तुझ्या कागदांत तरी तुझी आई आहे का?"

लेकीने गठ्ठा बाजूला ठेवला. मामा इतका वेळ खाली बघत होता. तो म्हणाला, "ताई, राहू दे. माझ्यापायी तुला काही झालं असलं तर मला जगणं जड जाईल."

"तुझ्यापायी कशाने? पावडर मी खाल्ली," ताई म्हणाल्या. आवाज मात्र त्यांचा नेहमीचा नव्हता.

पुढच्या भेटीला त्या मला डब्यासकट पिशवीत घालून घेऊन गेल्या. डॉक्टरबाईंनी मला हातात घेतलं, मग ताईंचा फॉर्म काढला.

"काही औषधं घेता का, या प्रश्नापुढे तुम्ही 'नाही' लिहिलंय."

"हे औषध नाही ना. ताकदीचं आहे."

डॉक्टर रागावल्या नाहीत. "हा आकडा दोन कारणांनी वाढतो," त्या म्हणाल्या. "मूत्रपिंडाचं काम मंदावलं तर, किंवा मूत्रपिंड ठीक असून त्याच्याकडे येणारा मालच वाढला तर. यातलं कुठलं, ते एवढ्यावरून सांगता येत नाही. पावडर बंद करा. पाच आठवड्यांनी पुन्हा बघू. सोबत अशी एक तपासणी करू, जिच्यावर या पावडरचा परिणाम होत नाही."

ते पाच आठवडे ताईंना फार जड गेले. मामा डायलिसिसहून परतला की त्या फोन करायच्या आणि फोन ठेवला की म्हणायच्या, "माझ्या एका 'नाही'मुळे थांबलाय तो."

दोन्ही तपासण्या चांगल्या आल्या. शस्त्रक्रिया झाली. मामा आता पुन्हा डोळ्याला भिंग लावून दुकानात बसतो.

म्हणजे मी निर्दोष सुटलो, असं मला वाटलं. पण बऱ्या झाल्यावर ताईंनी विचारलं, पुन्हा सुरू करू का? घरी येऊन त्यांनी डॉक्टरांचं उत्तर जसंच्या तसं लेकीला सांगितलं. "दोन मूत्रपिंडांच्या निरोगी माणसांवर पुष्कळ अभ्यास झालाय. एकावर जगणाऱ्यांवर फारच थोडा. मला नक्की माहीत नाही, म्हणून नको." ताईंनी मान्य केलं. बेकरीत आता त्या एकट्याने पोतं उचलत नाहीत, सोबत काम करणाऱ्या बाईबरोबर मिळून उचलतात. मला मात्र त्यांनी फेकलं नाही. का, ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

परवा मामी आली होती. मामाची शुश्रूषा, घर, दुकानाची धावपळ, सगळं तिच्यावर. चहा होईपर्यंत ती ओट्याशी उभी होती. तिने डबा उघडला, मला बाहेर काढलं आणि ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

"हात फार दुखतात गं," ती लेकीला हळूच म्हणाली. "मी घेतली तर चालेल?"

लेकीने कागद काढले नाहीत. "माहीत नाही, मामी. आधी तपासून घेऊ. आणि डॉक्टरांना सगळं सांगू."

माझंही तुमच्याकडे तेवढंच मागणं आहे. मला घ्या किंवा नका घेऊ, पण विचारलं तर माझं नाव सांगा.

मामीने मला पुन्हा पावडरीत खोचलं. झाकण लावलं, पण घट्ट फिरवलं नाही.