रुमालाखालचा हेडफोन

“आसावरी, कान बांध गं. ओल्या बाळंतिणीच्या कानात वारा शिरला की जन्माचं दुखणं मागे लागतं.”

सुमतीबाईंनी, म्हणजे तिच्या आईने, हे बजावलं तेव्हा आसावरी हसली. पुढे केलेला रुमाल तिने बाजूला सारला आणि मला डोक्यावर चढवलं. “हे बघ, झाले कान बंद. आता वाऱ्याचा बापही आत येणार नाही.”

मित्रांनो, तो मीच. डोंबिवलीतला एक जुना, काळा, वायरवाला हेडफोन. माझी एक गादी फाटली आहे, पण आवाज अजून खणखणीत आहे. माझ्यावर एकदा एक आळ आला होता. तो मी तेव्हाही मानला नाही आणि आजही मानत नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी स्टेशनजवळच्या एका दुकानात आलो आणि कॉलेजात शिकणाऱ्या आसावरीने मला उचललं. शहाडला राहणारी रुचिता तिची जिवलग मैत्रीण. कँटीनमध्ये माझा एक कान हिला, एक कान तिला. सगळे ऐकतात ते ऐकायला दोघींना सवडच नव्हती. कुठल्याशा बर्फाळ गावात गोठ्यात बसून वाजवलेलं मेटल, गळा बसला तरी न थांबणाऱ्या मुलींचं पंक, दुःखाला काळे कपडे घालून मिरवणारं गॉथ, फ्रिजसारखं गुरगुरत सुरू होऊन आभाळाएवढं होणारं इलेक्ट्रॉनिक. कुणाला नावही माहीत नसलेले अल्बम त्या शोधून काढायच्या. एकीने पाठवायचा, दुसरीने पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा आणि खरं मत सांगायचं, असा त्यांचा नेम होता.

“कानात मिक्सर लावलायस का गं?” शेजारचे परशुरामकाका विचारायचे.

“हो काका, चटणी हवीय?” आसावरी म्हणायची.

काय अभिमान वाटायचा मला! मी काळा, माझ्यातून किंचाळणं बाहेर पडायचं, आणि मला त्याची लाज नव्हती.

पुढे लग्न होऊन ती कल्याणला गेली, मीही गेलो. बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा पिशवीत झबल्यांच्या वर मी होतो. सुमतीबाई शाळेत शिकवायच्या, त्या थोड्याच हार मानणार! त्यांनी सरळ माझ्यावरूनच रुमाल बांधला आणि हनुवटीखाली गाठ मारली. दोघीही जिंकल्या.

सुरुवातीचे दिवस मजेचे होते. संथ, जड मेटल ऐकत आसावरी लेकीला पाजायची आणि पायाने ताल धरायची. मग एका दुपारी तिने गाणं मध्येच थांबवलं. फोनमधून माझी पिन काढली आणि वायर उशीखाली सरकवली. मला वाटलं, दमली असेल. दुसऱ्या दिवशीही पिन उशीखालीच राहिली. त्यानंतरही.

पण मला ती रोज चढवत होती. कुणी बोलायला आलं की कानाकडे बोट दाखवायची. लोक समजायचे, गाणी चालू आहेत. वरून रुमाल, त्यामुळे कुणाला काय दिसणार? बाळाचं सगळं ती चोख करायची, मात्र डोळे भिंतीला लागलेले असायचे. समोरच्या चहावर साय धरायची.

“असलं रडकं, किंचाळणारं ऐकून पोरीचं डोकं फिरलंय,” सुमतीबाई म्हणाल्या. “हे डबडं एकदा माळ्यावर टाकते.”

मित्रांनो, हाच तो आळ! मला ओरडून सांगायचं होतं, की मी मुका बसलोय, तिच्याकडे बघा. पण हेडफोनला स्वतःचा आवाज नसतो.

एका रविवारी रुचिता दारात उभी राहिली.

“झबलं आणलं नाहीये काकू, टोपडंही नाही. आसावरी कुठंय?”

“आत आहे. बाळ बघ हं, नाक अगदी बाबावर गेलंय.”

“बाळ नंतर बघते. आधी हिला बघू दे.”

ती आत येऊन कॉटवर बसली. “काय गं, मी पाठवलेला अल्बम ऐकलास?”

“हो. छान होता.”

“मेसेजमध्येही तेच लिहिलंस, म्हणून तर आले. अगं, इतकी वर्षं माझ्या प्रत्येक अल्बमची तू सालं काढलीयेस. मागे म्हणालेलीस, हा ड्रमर नाही, वरच्या मजल्यावर फरशीचं काम चाललंय. आणि आता नुसतं छान?”

रुचिताने माझी वायर धरली आणि हळूहळू ओढत गेली. उशीखालून रिकामी पिन तिच्या तळहातावर आली.

“आसू, कधीपासून?”

“आठवत नाही गं. काही ऐकावंसंच वाटत नाही. ती रडली की वाटतं, उठावं आणि कुठेतरी निघून जावं. मला नाही जमत हे, रुचे.”

सुमतीबाई चहा घेऊन दारात आल्या होत्या. “तरी मी सांगत होते, ही असली गाणी...”

“काकू, गाणी बंद आहेत. केव्हाची बंद आहेत. चालू असती तर मी आलेच नसते.”

सुमतीबाईंनी चहा तिथेच खाली ठेवला. लेकीजवळ बसून त्यांनी आपल्या हाताने हनुवटीखालची गाठ सोडली. “मला वाटलं, तू गाण्यात रमलीयेस,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी तिघी डॉक्टरांकडे गेल्या. पुष्कळ बाळंतिणींना असं होतं, हा आजार आहे, यात कुणाचा दोष नाही आणि यावर उपचार आहेत, असं डॉक्टरांनी समजावलं. औषधं सुरू झाली. सुमतीबाई बाळाला घेऊन बसू लागल्या, म्हणजे आसावरीला सलग झोप मिळे. लगेच सगळं बरं झालं नाही. काही दिवस फार वाईट गेले. रुचिता येत राहिली.

मग एका दुपारी माझी पिन फोनमध्ये गेली. रुचिताने पाठवलेलं पंक माझ्या फाटक्या गादीतून धडधडत बाहेर आलं. आसावरीने ते शेवटपर्यंत ऐकलं आणि फोन लावला. “रुचे, ही बाई गातेय की नळावर भांडतेय?”

स्वयंपाकघरात सुमतीबाई हसल्या आणि पदराने डोळे पुसत राहिल्या. नंतर त्यांनी माझा एक कान स्वतःच्या कानाला लावला. “भयंकर आहे,” म्हणाल्या. पण काढला नाही.

मित्रांनो, वायर पिळू नका, मला जपून ठेवा, असं मी सांगायला हवं. नाही सांगणार. मी तुटलो तर दुसरा मिळेल. तुमच्या इमारतीत किंवा नात्यात सध्या एखादं तान्हं बाळ असेल. त्याला बघायला सगळेच जातात. तुम्ही त्याच्या आईला बघायला जा. ‘मी मजेत’ असं म्हणाली तरी लगेच उठू नका, जवळ बसा, तिला बोलू द्या. ती हरवल्यासारखी वाटली तर घरी येऊन मोठ्यांना सांगा, आणि ते उठून तिच्याकडे जाईपर्यंत सांगत राहा. उद्यावर टाकू नका. आज संध्याकाळीच जाऊन या.