खोक्यातलं मोदकपात्र

मी मोदकपात्र बोलतोय. आवाज दबका येतोय, कारण माझ्यावर चार टॉवेल, बारा साबण आणि ट्यूना माशाचे डबे आहेत. मी एका खोक्यात आहे, खोकं दम्मामच्या गोदामात आहे आणि चिकटपट्टी इतकी मारली आहे की आत मेलेला माणूस असावा असं कुणालाही वाटेल.

माझा जन्म चिपळूणचा. ॲल्युमिनियमचं अंग, मधे भोकांची चाळण, वर झाकण. सरोजच्या आईने मला बाजारात तीन वेळा वाजवून घेतलं. भांडं वाजवून काय कळतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

सरोज नर्स झाली, सौदीला निघाली, आईने मला तिच्या बॅगेत कोंबलं. विमानतळावर एका साहेबाने माझी चाळण उजेडात धरून बघितली. त्याने सरोजला विचारलं, "हे काय?" तिने सांगितलं, "यात गोड शिजवतात." त्याने चाळणीच्या भोकातून एका डोळ्याने तिच्याकडे बघितलं आणि यल्ला, म्हणजे चल निघ, म्हणून सोडून दिलं.

हफ्र अल बातिनला हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये दोघींची एक खोली. दुसरी डिविना, फिलिपिन्सची, वॉर्डात मदतनीस. बोलायच्या इंग्रजीत, भांडायच्या हिंदीत. मी सगळं मराठीत सांगतोय. भांड्याला एक भाषा पुरते.

डिविनाची मुलगी मिकाय नऊ वर्षांची. ती गावी आजीकडे असते. आजीला ती 'नानाय' म्हणते, म्हणजे आई. आणि आईला 'मम्मी डिविना' म्हणते, जसं आपण 'कुलकर्णी मॅडम' म्हणतो. व्हिडिओ कॉल संपला की डिविना थोडा वेळ बंद फोनकडे बघत बसायची.

तिला परत जायचं होतं. पण जाऊन करायचं काय? घरातल्या घरात, थोडक्या भांडवलात होईल असा धंदा हवा होता. मोबाईलवर ती सारखी त्याचेच व्हिडिओ बघायची. इथे विकायचा परवाना नव्हता, म्हणून विकणं नाही, नुसता सराव. गिऱ्हाईक म्हणजे सरोज.

पहिला धंदा, दुधाची बर्फकांडी. फ्रीजपासून लिफ्टपर्यंत जाईतो तिचं सरबत झालं. सरोज म्हणाली, "छान. लिफ्टमध्ये राहणाऱ्यांना विक."

दुसरा, पपईचा साबण. त्याने सरोजचं तोंड लालबुंद झालं. तीन दिवस ती मास्क लावून ड्युटीला गेली. हॉस्पिटलच असल्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

तिसरा, लोकरीचं विणकाम. डिविनाने रिमोटला झबलं विणलं, साबणदाणीला विणलं आणि मला स्वेटर विणला. हफ्र अल बातिनच्या वाळवंटात, ऑगस्टमध्ये. तो मी आठवडाभर घातला. तक्रार केली नाही, करता येत नाही.

"सिस्टर, तू प्रत्येक गोष्टीला वाईट म्हणतेस," डिविना म्हणाली.

"वाईट आहे म्हणून."

"बरोबर. म्हणून तुलाच विचारते. माझी माणसं दात पडला तरी 'मस्त' म्हणतील."

हे खरं होतं. तिच्या मैत्रिणी यायच्या आणि साबणालासुद्धा चविष्ट म्हणायच्या. समोरच्याचं मन दुखवायचं नाही अशी त्यांच्याकडे पद्धत. सरोजकडे ती पद्धत नव्हती. म्हणून सगळ्या जगात डिविनाचा विश्वास एकाच जिभेवर होता.

मग तिला मी दिसलो. तिच्या गावी पुतो नावाचा पदार्थ करतात. तांदळाचं पीठ, साखर, नारळाचं दूध, वाटीत घालून वाफवायचं. तिचं घर शाळेच्या गेटसमोर. "सकाळी पुतो, दुपारनंतर मिकाय," ती म्हणायची. एवढाच तिचा आराखडा.

पहिले पुतो दगड झाले. दुसऱ्या वेळी वाफेचं पाणी ठिबकून वर खड्डे पडले. तेव्हा डिविनाने झाकणाला फडकं बांधलं, गाठ वर, दात दुखणाऱ्या म्हाताऱ्यासारखं. पाणी फडक्यात गेलं. तिसऱ्या वेळेपासून जमत आलं.

तेवढ्यात ऑफिसातून कागद आला. करार संपतोय. आणखी दोन वर्षं राहायचं तर गुरुवारपर्यंत सही, नाहीतर खलास, घरी.

"बुधवारी शेवटचे करते," डिविना म्हणाली. "चांगले झाले तर सही नाही. वाईट झाले तर सही. तू सांगशील ते."

सरोज हो म्हणाली आणि केस विंचरत राहिली. ते तिने मघाशीच विंचरले होते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गेल्या वर्षी सरोजची आई गेली तेव्हा तिला रजा मिळाली नाही. नवऱ्याने, श्रीकांतने, फोनवर सगळं दाखवलं, मधे रेंज गेली. काय बोलावं हे डिविनाला कळेना, म्हणून ती सरोजच्या शेजारी बसून लसूण सोलत राहिली. अख्खी पिशवी सोलली. पुढे महिनाभर आमच्या खोलीतल्या चहालासुद्धा लसणाचा वास येत होता. सरोज त्या चहाला काही बोलली नाही. तिने वाईट म्हटलं नाही अशी ती एकच गोष्ट.

बुधवारी दुपारी पुतो झाले. पांढरे, फुगलेले, बोट लावलं की दबून परत वर येणारे. मी शिजवले आहेत, मला विचारा.

सरोजने एक तोंडात टाकला. तो तोंडात विरला. तिचा जबडा हलायची गरज नव्हती, तरी तिने तो हलवला. बराच वेळ.

"कडक झालाय," ती म्हणाली. "मधे पीठ लागतंय."

"नक्की?"

"मी कधी खोटं बोललेय?"

तोपर्यंत खरंच बोलली नव्हती.

मी झाकण वाजवलं असतं, पण गॅस बंद होता. वाफेशिवाय माझं काही चालत नाही. डिविनाने उरलेले पुतो ताटात भरले, खालच्या किराणा दुकानात सुरैयाला देऊन आली आणि सही केली.

सुरैया म्हणजे दुकानवाल्याची बायको, श्रीवर्धनची. दुसऱ्या दिवशी ती ताट परत द्यायला आली तेव्हा डिविना ड्युटीवर होती.

"गो सरोज, हे केलं कुणी? माझ्या सासूच्या सांदणांपेक्षा मऊ. सासूला सांगू नको हां."

"डिविनाने."

"तिला सांग, शुक्रवारी परत कर."

"ती नाही करणार आता. सही केली तिने."

"सांदण करायला सही लागते?"

सरोज मला घासायला लागली. मी घासलेलाच होतो.

डिविना संध्याकाळी सहज म्हणाली, "ऑफिसवाली म्हणत होती, तीन महिन्यांत मन बदललं तर कळव. पण कशाला बदलेल? पीठच लागतंय." त्यानंतर ती काही वाफवेना, विणेना. मोबाईलवर धंद्यांचे व्हिडिओही बघेना. सरोजला जी हवी होती ती डिविना खोलीत राहिली होती, फक्त गप्प.

मग हे खोकं. फिलिपिन्सची माणसं परदेशात राहिली की घरी खोकं पाठवतात. सहा-सहा महिने भरत राहतात. साबण, टॉवेल, चॉकलेट, मुलीचे बूट. मुलीचा पाय तोवर मोठा झालेला असतो, म्हणून बूट दोन नंबर मोठे. सहीनंतर आठवड्याभरात डिविनाचं खोकं भरत आलं तेव्हा सरोज मला घेऊन आली.

"हे पण घाल."

"हे तुझ्या सासूचं ना?"

"आईचं."

"मग मोदक कशात करणार?"

"कुकरात. घाल म्हटलं ना. तुझी आई करेल काहीतरी."

डिविना चिकटपट्टी शोधायला वळली तेवढ्यात सरोजने माझ्या पोटात एक चिठ्ठी टाकली. आधी मराठीत लिहिलेली, ती फाडून परत इंग्रजीत. 'पुतो मऊ होता. मी खोटं बोलले. तिला घरी बोलवा.'

दोघींच्या पलंगांमध्ये एका स्टुलाचं अंतर आहे. तेवढं तिला ओलांडता आलं नाही, म्हणून तिने निरोप समुद्रावरून पाठवला.

घरी जायचं होतं तिला. निघालो मी.

जहाजाला दोन महिने लागतात म्हणे. ते अजून लागलेलंच नाही आणि गोदामात येऊन मला अठरा दिवस झालेत. मला पुतो करता येतो, सही खोडता येत नाही. म्हणून मिकाय, तुला एक विनंती. खोकं उघडलंस की तू बूट घालून बघशील, मग चॉकलेट शोधशील, हे मला माहीत आहे. टॉवेलांखाली एक भांडं असेल, त्याच्या झाकणाला फडकं बांधलेलं आहे. गाठ धरून झाकण उचल. आत चिठ्ठी आहे. ती मम्मी डिविनाला फोन लावून मोठ्याने वाचून दाखव.

चॉकलेट नंतर खा.