हयातीचा दाखला

आपण मरणार आहोत, हे क्लेम हॅनिगनला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं, आणि तेही दवाखान्याच्या भिंतीवरून. रक्तदाब तपासायला बसला असताना त्यानं समोरचा तक्ता वाचला. पुरुषांचं सरासरी आयुर्मान एक्क्याऐंशी, बायकांचं पंच्याऐंशी. पाटबंधारे खात्यात जन्मभर पाण्याची आकडेमोड केलेला माणूस तो. तिथल्या तिथे वजाबाकी केली आणि रक्तदाब न तपासताच घरी परतला.

"तुला माझ्यापेक्षा चार वर्षं जास्त कशाला?" त्यानं बायकोला विचारलं.

डोरीन टोमॅटोची चटणी बाटल्यांत भरत होती. "तेवढीच जरा विश्रांती," ती म्हणाली.

त्याच वर्षी गावाबाहेरच्या बंद पडलेल्या फळांच्या कारखान्यात एक कंपनी आली. माणूस मेला रे मेला की त्याला बर्फात घालायचं, मग द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत उलटं टांगून ठेवायचं आणि विज्ञान पुरेसं पुढे गेलं की उठवायचं. फार तर दोनशे वर्षं, असं कंपनीची टॅमसिन नावाची गोड बोलणारी बाई सांगायची.

"उलटं का पण?" क्लेमनं विचारलं.

"टाकी गळायला लागली तर डोकं सगळ्यात शेवटी वितळावं म्हणून."

गळतीचा इतका पुढचा विचार पाटबंधारे खात्यानंसुद्धा कधी केला नव्हता. क्लेमनं सही ठोकली आणि डोरीनसाठी दुसरा फॉर्म घेऊन आला.

"मी नाही येणार," ती म्हणाली.

"अगं, कायमचं जगायचंय! समजतंय का तुला?"

"लग्नात पाद्री काय म्हणाला होता? मरण वेगळं करेपर्यंत. मी तेवढ्यालाच हो म्हटलं होतं, क्लेम. वाढीव मुदत कुणी मागितली?"

क्लेमला हे फार लागलं. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. तिच्या ते तिसऱ्या दिवशी लक्षात आलं.

कंपनीचे नियम मात्र कडक होते. मरायचं तर नीटनेटकं मरायला हवं. नदीत बुडालात, रानात एकटे पडलात, वेळेवर सापडला नाहीत, तर मेंदू फुकट गेला. म्हणून क्लेमनं गावाजवळच्या मरे नावाच्या नदीवर गळ टाकून बसणं सोडलं. गावापासून दोन तासांहून लांब जाणं सोडलं, त्यामुळे नातीचं बारसं हुकलं. शिडीवर चढणंही सोडलं. पन्हाळीतला पालापाचोळा आता डोरीन काढायची आणि तो खाली लांब उभा राहून सूचना द्यायचा. मनगटावर कंपनीचं घड्याळ आलं होतं. नाडी थांबली की त्यांना तिकडे कळणार होतं.

जानेवारी म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळा. अशाच एका दुपारी त्रेचाळीस अंश ऊन होतं. डोरीन लायब्ररीत गेली होती. टीव्हीवर कसोटी सामना रटाळ चालला होता. घामानं मनगटाला खाज सुटली, म्हणून क्लेमनं घड्याळाचा पट्टा सैल केला आणि आरामखुर्चीत त्याचा डोळा लागला.

जाग आली ती बर्फात.

घराच्या मधोमध एक लांबलचक टब होता, त्यात तो गळ्यापर्यंत बुडाला होता आणि पांढरे डगले घातलेली चार माणसं वरून बादल्यांनी बर्फ ओतत होती.

"अरे! अरे, काय चाललंय!"

"हालचाल होतेय," एक जण म्हणाला.

"होते कधी कधी," हातातल्या पडद्यावरून नजर न काढता टॅमसिन म्हणाली. "अकरा मिनिटं नाडी नाहीये."

"टॅमसिन, मी क्लेम! मी बोलतोय!"

तिनं वर पाहिलं. एकदा त्याच्याकडे, एकदा पडद्याकडे. कुणावर विश्वास ठेवावा हे तिला चटकन ठरवता येईना. "क्लेम, जरा थांबा हं. ऑफिसला विचारते."

ऑफिसनं सांगितलं, सुरू झालेलं काम थांबवायचं असेल तर ग्राहकाची सही लागेल. कागद आला, पेन आलं, पण क्लेमची बोटं आखडून काठीसारखी झाली होती. तेवढ्यात डोरीन दारात आली. पुस्तकं खाली टाकली, काखेत हात घालून नवऱ्याला बाहेर ओढलं.

"निघा," ती म्हणाली. "नाहीतर एकेकाला उलटं टांगेन."

त्या भर उन्हाळ्यात क्लेम दोन रजयांत गुंडाळून कुडकुडत बसला. डोरीन त्याचे पाय चोळत होती.

"डोळे उघडले तर सगळे परके चेहरे," तो म्हणाला. "आणि सगळे घाईत. दोनशे वर्षांनी असंच असणार ना?"

"असेल."

"चहासुद्धा कुणाला मागायचा?"

"स्वतः करायला शिकायचा. वेळ होता की भरपूर."

तो हसला, मग एकदम रडायला लागला. ती पाय चोळतच राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यानं नाव काढून घेतलं. पण घड्याळानं दिलेली बातमी तोवर लांब पोचली होती. पेन्शन बंद झाली आणि डोरीनच्या नावानं सरकारी दुखवट्याचं पत्र आलं. पत्र घेऊन क्लेम पेन्शनच्या कचेरीत गेला.

"काय काम होतं?" खिडकीतल्या बाईनं विचारलं.

"मी जिवंत आहे."

"कागद?"

"कागद कशाला? मी समोर उभा आहे ना!"

"उभे सगळेच असतात, काका. मी कागदावर काम करते."

तीन खेपा झाल्या, डॉक्टरची चिठ्ठी झाली, दोन साक्षीदार झाले. शेवटी तिनं शिक्का मारला. सदर इसम हयात आहे. आजपासून एक वर्ष ग्राह्य.

"एकच वर्ष?" क्लेम म्हणाला.

"संपलं की परत या."

"आणि नाही आलो तर?"

"मग कळेलच आम्हाला."

डोरीन गाडीत वाट पाहत होती. "किती मिळालं?"

"एक वर्ष."

"बरंच आहे की," असं म्हणून तिनं गाडी सुरू केली.

क्लेमनं दाखल्याची नीट घडी करून खिशात ठेवली, आणि आज तारीख किती हे घरी पोचेपर्यंत तिला दोनदा विचारलं.