आधीच करून ठेवलेली कवळी

मोजायची टेप शोधायला मी यांच्या कामाच्या खोलीतलं कपाट उघडलं आणि वरच्या फळीवर हाताला कवळी लागली.

आता आमच्या घरात कवळी हाताला लागणं म्हणजे दुसऱ्यांच्या घरात चमचा सापडण्यासारखं आहे. आमचे हे कवळ्या करतात. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे येतात, त्यावर हे मेण चढवतात, दात बसवतात, घासूनपुसून परत पाठवतात. तीस वर्षं तेच काम. आमची लेक लहानपणी वर्गात सांगून आली होती, की आमच्या घरी चारशे तोंडं आहेत आणि एकही बोलत नाही.

कवळी मी बाजूला सारणार होते, पण ती ज्या साच्यावर ठेवली होती तो ओळखीचा वाटला. उलटा करून बघितला. मागे पेन्सिलीनं तारीख होती, आमच्या लग्नाच्या वर्षाची. हे तेव्हा कामाला नवे होते. हात बसावा म्हणून यांनी माझ्या तोंडात तो गार लगदा भरला होता. मी ओकता ओकता राहिले आणि हे हसत होते. त्या लगद्यात प्लॅस्टर ओतून केलेला हा माझ्या वरच्या दातांचा साचा. इतकी वर्षं माझ्या शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर असायचा. तिथून तो कधी हलला, मला कळलंही नव्हतं.

त्या साच्यावरचे पुढचे सहा दात सुरीनं कापून सपाट केले होते, आणि वर बसवली होती गुलाबी हिरड्यांची, सहा पांढऱ्याशुभ्र दातांची कवळी.

मी खालीच बसले. दुःखानं वगैरे नाही, पायांत उभं राहायचं त्राण नव्हतं म्हणून. दीड वर्ष झालं, हे असंच चाललं आहे. सासूबाई तीन वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांचं सगळं मी केलं, त्यांचं तोंड पुसण्यापासून. त्या गेल्या, पाहुणे आले, पाहुणे गेले, आणि मी जरा पडते म्हणून पडले ती उठलेच नाही. रिपोर्ट सगळे चांगले. थायरॉइड थोडं इकडेतिकडे, त्याची रोज सकाळी एक गोळी. बाकी डॉक्टर म्हणाले, आराम करा. म्हणजे मी काय करत होते? मशीनवर कव्हर चढलं ते चढलंच.

आणि सगळ्यात आधी काय सुटलं असेल, तर दात घासणं. जेवण केलं नाही तर घर बोंबलतं. अंघोळ केली नाही तर चारचौघांना कळतं. दात न घासलेले कुणाला दिसतात? पलंगापासून बेसिनपर्यंत चौदा पावलं. तिथं उभं राहायचं, हात वर धरायचा, तो हलवायचा. ऐकणाऱ्याला हसू येईल. येऊ दे. मला बेसिन नुसतं दिसलं तरी रडू यायचं. मग एक दिवस उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे डाग दिसले आणि हे मला दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरीणबाई यांच्या ओळखीच्या, यांच्याकडूनच कवळ्या करून घेणाऱ्या. माझ्या तोंडात दोन्ही हात घालून त्यांनी विचारलं, "दोन मिनिटांचं काम, दिवसातून दोनदा. एवढंही होत नाही का?" तोंडात हात घालून प्रश्न विचारायचा, म्हणजे उत्तर यायची भीतीच नाही. मागच्या दोन दाढा काढाव्याच लागतील, त्या म्हणाल्या. वरचे पुढचे सहा हलताहेत. तीन महिने नीट निगा राखली तर राहतील, नाहीतर सहाही काढावे लागतील. हे तेव्हा आपल्या चपलांकडे बघत बसले होते.

त्यानंतर रोज सकाळी दारातून विचारायचे, "दात घासलेस का?" पहिलीतल्या पोरीला विचारावं तसं. मग काही दिवसांनी विचारणं बंद झालं. मला वाटलं, चला, माणसाला समजलं. कसलं समजलं! यांनी कवळी करून ठेवली होती.

हे बाहेरून आले तेव्हा मी तशीच जमिनीवर बसले होते, मांडीवर साचा घेऊन.

"हे काय आहे?"

यांचा चेहरा पडला. पण धंद्यातला माणूस, लगेच धंद्यातलं बोलायला लागले. सगळे असंच करतात म्हणे. आधी साच्यावरचे दात कापायचे, कवळी तयार ठेवायची, मग दात काढले त्याच दिवशी ती बसवायची. तोंड एक दिवसही रिकामं राहत नाही. तुलाच चारचौघांत बरं वाटलं असतं.

"तीन महिने सांगितले होते. झालेत किती?"

"एक."

"मग?"

यांनी साचा घ्यायला हात पुढे केला. मी म्हटलं, कापायला हाच सापडला? यांनी सांगितलं, तू तोंड उघडायला तयार नव्हतीस, माप कुठून आणणार, जुना होता तो घेतला. यावरून दुसरा ओतून घ्यायला काय झालं होतं, असं मी विचारलं. लोकांच्या साच्यांना हे दहादा जपतात. म्हणाले, लक्षात नाही आलं.

"आणि यात माझी खाच कुठे आहे?"

"कसली खाच?"

मी ओठ वर केला आणि पुढच्या दातावर बोट ठेवलं. पंचवीस वर्षं मी लोकांचे कपडे शिवले. कात्री शोधायला वेळ कुणाला? दोरा दातानंच तोडायचा. एकाच जागी, एकाच दातानं. त्या दाताला खाली बारीक खाच पडली आहे, दोरा बरोब्बर तीत बसतो. यांनी चष्मा लावला, वाकून बघितलं. अगदी जवळून, लोकांच्या साच्यांकडे बघतात तसं.

"ही मी कधी बघितलीच नव्हती गं," म्हणाले.

माझं डोकं इतकं सणकलं, की मी उठून बेसिनपाशी गेले आणि दात घासले. खसाखसा. सगळं बेसिन लाल झालं. दुसऱ्या दिवशी घासले, तिसऱ्या दिवशी घासले, दिवसातून दोनदा, घड्याळ लावून. पाचव्या दिवशी सकाळी डोळे उघडले तर राग तसाच होता, पण हात उचलत नव्हता. रागाच्या जिवावर किती दिवस काढणार? त्यालाही अंगात काहीतरी लागतंच.

त्याच आठवड्यात दाढा काढायच्या होत्या. खुर्चीत बसले आणि डॉक्टरीणबाईंनी हात घालायच्या आत मीच सांगून टाकलं, बाई, दोन मिनिटांचं मला ठाऊक आहे, ते ऐकवू नका, मला उभं राहवत नाही. आवाज चढला होता माझा. बाहेर बसलेल्यांनीही ऐकलं असेल.

त्यांनी तोंडावरचा मास्क खाली केला. "किती वेळ राहवतं?"

दीड वर्षात हे मला कुणीच विचारलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, फोनवरून रोज योगासनं सांगणाऱ्या लेकीनं नाही.

"अर्धा मिनिट."

"मग अर्ध्या मिनिटाचंच बघू," त्या म्हणाल्या. उभं राहायलाच हवं असं कुणी सांगितलं? बसून करा, पडून करा. पेस्ट नको वाटली तर कोरडा ब्रश फिरवा, मऊ ब्रश, हळूच. आधी पुढचे सहा, बाकीचे जमतील तसे. एखादा दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जाऊ नका. मग विचारलं, दिवसात न चुकता काय करता? मी म्हटलं, गोळी घेते. तर त्या म्हणाल्या, ब्रश गोळीशेजारी ठेवा.

त्याप्रमाणे पलंगाशेजारी गोळीची डबी, पेल्यात ब्रश आणि चूळ टाकायला वाडगा आला. पेल्यामागे ती कवळी ठेवली. हे टाकून देणार होते, मी टाकू दिली नाही. सकाळी गोळी, मग कवळीकडे एक नजर, मनात यांना एक शिवी, आणि ब्रश. काही दिवस चारच वेळा फिरायचा. एकदा लागोपाठ दोन दिवस नाहीच फिरला. तिसऱ्या दिवशी पुन्हा चार.

पडल्या पडल्या दात घासताना बघून हे म्हणायला लागले, असं कुणी... मी म्हटलं, तुम्ही तुमच्या कवळ्या घासा. पण दुसऱ्या महिन्यात एकदा बेसिनपाशी गेले तर तिथं यांचं कामाचं स्टूल ठेवलेलं होतं. तीस वर्षं हे त्याच स्टुलावर बसून काम करतात. यांच्या खोलीत डोकावले तर हे उभ्यानं कवळी घासत होते. मी काही आभार मानले नाहीत. बसले आणि घासले, त्या दिवशी खालचेसुद्धा.

तीन महिने झाले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एकेक दात बोटानं दाबून बघितला. पूर्वीसारखे घट्ट नाहीत व्हायचे, म्हणाल्या, पण राहतील. फक्त दोरा तोडायचा नाही. कधीच नाही.

घरी आल्यावर हे लगदा कालवून माझ्यासमोर उभे राहिले. "माप घेऊ का परत?" मी लगेच हो म्हटलं नाही. लगदा घट्ट होऊन वाया गेला, तो दुसरा कालवून आले. मग मी तोंड उघडलं. पूर्वी हसत होते, या वेळी हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मशीनच्या वरच्या फळीवर नवा साचा होता. मागे दोन खड्डे, पुढे सहा दात, आणि एका दाताला खाच. मागे पेन्सिलीनं तारीख होती. जुना पुन्हा व्हायचा नाही. यांच्यावरचा माझा राग गेलेला नाही आणि तो घालवायची मला घाईही नाही.

मी मशीनवरचं कव्हर काढलं. उसवलेला एक अभ्रा घेतला, एक बाजू शिवली, आणि सवयीनं दोरा तोंडाशी नेला. जीभ खाचेवर टेकली होती. मग मी दोरा खाली घेतला आणि कात्री शोधायला उठले.