उसना उजवा हात

मी मायक्रोफोन बोलतोय. दचकू नका. आमच्या जातीने ऐकायचं असतं, बोलायचं नसतं. पण आता राहवत नाही.

माझ्या पोटात सोन्याचा मुलामा दिलेला एक पडदा आहे, कांद्याच्या पापुद्र्याहून तलम. समोरच्याने नुसता श्वास घेतला तरी मला कळतं. माणसांचं तसं नसतं. त्यांना आधी वाजवणाऱ्याचं नाव कळावं लागतं, मग ऐकू येतं.

कारखान्यातून मी थेट या स्टुडिओत आलो आणि पहिल्याच आठवड्यात बाईंचा पियानो ऐकला. बाई तेव्हा चाळिशीच्या. त्यांचा उजवा हात असा धावायचा की मला धाप लागायची. सात तबकड्या निघाल्या. मग बाई यायच्या थांबल्या. वर्तमानपत्रांनी लिहिलं, 'कलावंताचं मौन'. कुणी 'आत्मशोध' म्हणालं. कारण एवढंच होतं, की उजव्या हाताची अनामिका नीट उचलेनाशी झाली होती. पण दुखऱ्या बोटाचा मथळा होत नाही.

त्या अठरा वर्षांत मी काय ऐकलं? गाद्यांच्या जाहिराती. आणि एका पुढाऱ्याचं आत्मचरित्र, खुद्द त्याच्या आवाजात. 'त्याग' हा शब्द त्याला अकराव्या खेपेला जमला.

यंदा बाई परतल्या. त्यांच्याआधी तबकडीचं कव्हर छापून आलं : 'तेच हात, तीच जादू'. वर जुना फोटो. वाजवणं अजून व्हायचंच होतं.

स्वरलिपीची पानं उलटायला बाईंची धाकटी बहीण आली होती. कव्हर बघून म्हणाली, "ताई, ही पोरगी कोण गं?"

"ओळखते मी हिला. फार मिजास होती हिला."

तीन दिवस ध्वनिमुद्रण चाललं. सगळं जमलं, पण शेवटच्या पानावर एक ओळ होती, उजवा हात सुसाट वर चढतो ती. तिथे अनामिका मागे राहायची. काचेपलीकडून निर्माता दर वेळी म्हणायचा, "अप्रतिम, मॅडम! फक्त एकदा अजून." अप्रतिम होतं तर एकदा अजून कशाला, हे त्याला कुणी विचारेना.

चौथ्या दिवशी तो खुशीत बाहेर आला. "झालं काम! ऐका." त्याने मोठ्या आवाजात लावलं. ती ओळ विजेसारखी चमकून गेली.

बाई म्हणाल्या, "माझा श्वास कुठे गेला?"

मीही तेच शोधत होतो. हल्ली त्या ओळीआधी बाई तोंडाने मोठा श्वास घेतात. इथे तो नव्हताच. पठ्ठ्याने जुन्या तबकडीतून तेवढी ओळ कापून इथे चिकटवली होती.

"तुमचाच तर हात आहे, मॅडम. चोरी थोडीच आहे?"

"मग त्या बाईलाच बोलवा. मी निघते."

"अहो, लोकांना कळणार नाही!"

"बहिऱ्यांसाठी तबकड्या काढता होय तुम्ही?" धाकटीने विचारलं.

बाई मात्र निघाल्या नाहीत. पुन्हा बसल्या आणि अख्खी रचना एका दमात वाजवली, स्वतःच्या गतीने. त्या ओळीवर हात हळू झाला. एक स्वर गळला. त्याची जागा रिकामी सोडून त्या पुढे गेल्या.

"अप्रतिम, मॅडम! फक्त एकदा..."

"हेच जाईल. नाहीतर माझं नाव काढा." एवढं बोलून बाईंनी माझी वायर उपटली. पुढचं भांडण ऐकायचं राहिलं, याची अजून चुटपुट लागते.

तबकडी तशीच निघाली. समीक्षकांना त्या संथपणात 'गहन चिंतन' सापडलं. संथ वाजवण्याची कल्पना आपलीच होती, असं निर्माता मुलाखतींतून सांगतो.

आज माझ्यासमोर एक तरुण वादिका बसलीय. तो तिला म्हणतोय, "बिनधास्त चुका हो, नंतर जोडून घेऊ." ती हसतेय. माझं तिला ऐकू जात नाही, म्हणून तुम्ही कुणीतरी तिला सांगा : हा माणूस तुझी आजची एक ओळ जपून ठेवणार आहे, म्हातारपणी तुझ्याच तोंडावर मारायला. त्या दिवशी माझी वायर उपटायला लाजू नकोस.