‘आई’चा हिब्रू अर्थ

इस्रायलमधल्या दिमोना गावच्या केतुराबाई रोहेकरांनी जावई येणार म्हणून चांदीचा पेला घासूनपुसून ठेवला होता. आली सून, तीही मुलीची. लेकीनं, नुरितनं, इनबालशी लग्न केलं ते आईच्या स्वयंपाकघरात बसून. लावणारा अधिकारी मात्र अमेरिकेत, युटा प्रांतात, संगणकाच्या पडद्यावर. इथले रब्बी, म्हणजे धर्मगुरू, असली लग्नं लावत नाहीत, पण परदेशी लागलेल्या लग्नाची सरकार मुकाट्यानं नोंद करतं. आपली शेगडी त्या दिवशी परदेशात होती, हे केतुराबाईंना मागाहून कळलं. त्यांनी अबोला धरला. मग इनबालनं नारळाच्या दुधातली मासळीची कढी दुसऱ्यांदा मागून घेतली. तिसऱ्यांदा मागितल्यावर पेला तिच्या हातात गेला.

पुढं इनबालच्या पोटी अलोना झाली. ती इनबालला इमा म्हणे आणि नुरितला आई. एक हिब्रू, एक मराठी. घरात कसलाच घोळ नव्हता.

घोळ कायद्यात होता. इनबाल परगावी असताना पोरीला ताप भरला. रात्रभर तिला कडेवर घेऊन फिरलेल्या नुरितला दवाखान्यात विचारलं, “आपण कोण?” ती कागदोपत्री कुणीच नव्हती. उद्या इनबालचं काही बरंवाईट झालं, तर पोर कुणाची? म्हणून नुरितनं बेरशेबाच्या कुटुंब न्यायालयात अर्ज केला, की मला माझ्या मुलीची आई करा.

केतुराबाईंना याचं नवल वाटलं नाही. कोकणातून आलेल्या त्यांच्या वडिलांना याच देशात आपण पुरते यहुदी आहोत हे पटवून द्यायला जेरुसलेमच्या रस्त्यावर बसावं लागलं होतं.

“तुझ्या आजोबांनी धरणं धरलं, तू धीर धर,” त्या लेकीला म्हणाल्या. “आपल्या घराण्यात जन्मतः कुणी काही नसतं. सगळं मंजूर करून घ्यावं लागतं.”

आणि त्यांनी एलियाहू हनाबीला, आपल्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला, मलिद्याचा, म्हणजे गोड पोह्यांच्या प्रसादाचा, नवस बोलला.

घर बघायला न्यायालयानं पाठवलेल्या समाजसेविका त्सिलाबाई आल्या. भल्या बाई. चिवडा खाल्ला, पोरीशी खेळल्या, जाताना नुरितचा हात हातात घेऊन “छान!” म्हणाल्या.

सुनावणीच्या दिवशी न्यायाधीशबाईंनी त्यांचा अहवाल वाचला आणि चष्मा काढला.

“इथं लिहिलंय, अर्जदार जवळ आली की मूल वेदनेनं ओरडतं. वारंवार. ‘आय! आय!’ असं.”

हिब्रूत काटा टोचला की माणूस ‘आय’ म्हणतो.

“लिहिताना मलाही वाईट वाटलं,” त्सिलाबाई म्हणाल्या. “पण ऐकलं ते लिहिलं. नवल म्हणजे ओरडताना पोर हसत होती.”

नुरित ताडकन उठली. इतकी वर्षं वाळवंटात बस चालवणारी, दांडगट प्रवाशांना एका नजरेत बसवणारी बाई ती, पण आता नुसती बाक धरून उभी होती.

“बाई, ती हाक आहे!” इनबाल म्हणाली. “मराठीत आई म्हणजे इमा.”

“तुम्ही तिच्या बाजूच्या,” न्यायाधीशबाई म्हणाल्या. “तुम्ही असं म्हणणारच.”

“मग मला विचारा!” मागच्या बाकावरून केतुराबाई गरजल्या. “माझी भाषा आहे ती!”

आणि तरातरा उठल्या. रागाच्या भरात गुडघ्याचं भान राहिलं नाही. गुडघ्यात कळ आली तशा मटकन खाली बसल्या.

“आई गं!”

“बघा,” त्सिलाबाई हळूच म्हणाल्या, “यांनाही दुखलंच.”

तोवर अलोना इनबालच्या मांडीवरून घसरली होती. आज्जी आईला हाक मारतेय आणि आई नुसती उभी, हे काही तिला पटेना. तिनं नुरितचं बोट धरलं, तिला दोन बाकांमधून ओढत आणलं आणि आज्जीसमोर उभं केलं.

“आज्जी, ही घे आई.”

न्यायाधीशबाईंनी चष्मा पुसला, मग उगाच पुन्हा पुसला.

“आजी, तुमच्या भाषेत दुखलं तरी आईच, आणि आई म्हणजेही आईच?”

“बाईसाहेब, आपल्याला मुलं आहेत ना?”

“तीन.”

“मग वेगळा शब्द कशाला लागतो?”

न्यायाधीशबाई खळखळून हसल्या. हसता हसता त्यांनी लेखनिकाला हुकूम सांगितला, की नुरित रोहेकर ही जन्माच्या दिवसापासून अलोनाची आई आहे. “आणि अहवालात ‘वेदनेनं ओरडते’ आहे, तिथं ‘आईला हाक मारते’ करा.”

त्सिलाबाईंनी आपल्या हातानं खोडून दुरुस्ती केली, आणि मलिद्याला येऊ का, म्हणून विचारलं.

न्यायालयाच्या पायऱ्या फार. केतुराबाई कठड्याला धरून उतरू लागल्या. दर पायरीला “आई गं!” आणि दर पायरीला अलोना थांबे, मागं वळे आणि जराही न कंटाळता नुरितकडे बोट दाखवी.