जनरलची बायको

ठमाबाईने पुस्तकातल्या आयझेनहॉवरच्या नावाखाली बोट धरलं आणि सरळ पुढे सरकवलं. त्या नावाने पहिले दोन दिवस तिची जीभ पार दमवली होती. शेवटी नवऱ्याने, गुणाजीनेच तोडगा काढला.

"चंद्रीचे आये, नुसतं जनरल म्हण."

पन्नाशी उलटल्यावर ती साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकली होती. अडखळल्याशिवाय तिची एक ओळ पुढे जात नसे. पण गुणाजीचे डोळे गेले आणि घरात वाचणारी तीच उरली. रोह्याजवळ वरसे गावात शाळामास्तरीण असलेली लेक चंद्रावती येताना बापासाठी जुनी चरित्रं आणायची. या अमेरिकन जनरलने म्हणे भरती-ओहोटी पाहून फौज किनाऱ्यावर उतरवली. एवढं ऐकल्यापासून जन्म खाडीकाठी काढलेला गुणाजी त्या पानाची वाट पाहत ओटीवर बसून होता.

भरतीचं पान अजून लांब होतं. त्याआधी एक ओळ आली. जनरलचा तीन वर्षांचा मुलगा तापाने गेला.

ठमाबाईला ती ओळ गिळून टाकायची होती, पण अर्धी तोंडातून निघून गेली होती. तिने ती पुरी केली.

सव्वीस वर्षांपूर्वी उधाणाने खाडीचा बांध फुटला, तेव्हा घरटी एक माणूस मातीची ढेकळं टाकायला धावला आणि सगळ्यांच्या पुढे गुणाजी होता. घरात चार वर्षांची लेक हौसा तापाने फणफणलेली. तिला पेणला डॉक्टरकडे न्यायचं तर वाटेवर कमरेएवढं पाणी. तिसऱ्या दिवशी गुणाजी चिखलाने माखून परतला, तेव्हा हौसाची गोधडी घडी घालून ठेवलेली होती. ठमाबाई एकच बोलली होती, "बांध राहिला ना? मंग झालं." त्यानंतर या घरात हौसाचं नाव कुणी काढलं नाही. ते बोलणं मात्र ठमाबाईला रोज खायचं, आणि माघारी घ्यायची वाट काही सापडली नव्हती.

"तवा तो घरी व्हता?" गुणाजीने विचारलं.

पुस्तकात तसं काहीच नव्हतं. पुढे नुसत्या जनरलच्या बदल्या होत्या.

"नाय," ती म्हणाली. "कामावर व्हता."

गुणाजी काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिला.

"मंग बायको काय बोलली त्याला?"

ठमाबाईने बदल्यांच्या ओळीखाली बोट ठेवलं आणि रोजच्यासारखं एकेक अक्षर लावत पुस्तकी भाषेत वाचलं.

"ती... म्हणाली... तुमचा... दोष... नाही. मी... रागात... बोलले."

"असं लिवलंय?"

"व्हय."

"परत वाच."

तिने परत वाचलं. या खेपेला ती एकाही अक्षरावर अडखळली नाही.

गुणाजीने चाचपडत हात पुढे केला आणि तिच्या मांडीवरचं पुस्तक हळूच मिटलं.

"भरतीचं उद्या वाचू," तो म्हणाला, "हौसाचे आये."